पासष्टीनंतर लाडकी बहीण बंद, श्रावणबाळही नाकारलं. मुंबईतल्या म्हाताऱ्या माणसासाठी सरकार नक्की काय ठरवून योजना आखतं?

तुमच्या शेजारच्या काकूंची पासष्टीनंतर लाडकी बहीण बंद झाली आणि श्रावणबाळही नाकारलं गेलं, ते नियमाप्रमाणेच झालं. खरी गोम तिथेच आहे.

मी गोवंडीत लोकांना अर्ज भरायला मदत करते, त्यामुळे हा पेच सारखा समोर येतो. लाडकी बहीण जुलै 2024 पासून सुरू झाली. वय 21 ते 65, कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न अडीच लाखांच्या आत, महिन्याला 1,500 रुपये. पासष्टी उलटली की नाव गळतं. मग कोणीतरी सांगतं, श्रावणबाळला, म्हणजे गरीब वृद्धांच्या पेन्शनच्या योजनेला, अर्ज टाका. पैसे तेवढेच, 1,500. पण तिथे उत्पन्नाची मर्यादा वर्षाला 21,000. म्हणजे महिन्याला 1,750 रुपये, आणि तेही सगळ्या कुटुंबाचे! घरातला एक जण वॉचमन असला तरी विषय संपला. चौसष्टाव्या वर्षी सरकारदरबारी गरीब असलेली बाई, औषधांचा खर्च वाढायच्या वयात, अचानक खाऊनपिऊन सुखी ठरते.

लाडकी बहीण महिला व बालविकास खात्याची आणि श्रावणबाळ सामाजिक न्याय खात्याची, म्हणून ताळमेळ नाही, असं कोणी म्हणेल. मला ते पटत नाही. 2024 मध्येच सामाजिक न्याय खात्याने मुख्यमंत्री वयोश्री योजना आणली, वय 65 च्या पुढे, एकदाच 3,000 रुपये. तिची मर्यादा दोन लाख. म्हणजे खातं एक, म्हातारं माणूस तेच, पण एका टेबलावर ते गरीब आणि दुसऱ्यावर नाही. नवी योजना जाहीर करताना आकडा आजचा धरतात, जुनीचा आकडा कोणी हलवत नाही, कारण हलवला की दर महिन्याचा खर्च वाढतो. केंद्राचंही तेच. इंदिरा गांधी वृद्धापकाळ निवृत्तिवेतनात 80 वर्षांच्या आतल्यांसाठी केंद्राचा वाटा अजून महिन्याला 200 रुपयेच आहे. श्रावणबाळसारखी मर्यादा एवढी खाली ठेवली की उत्पन्न खरं सांगणारा आधी बाहेर पडतो.

त्यात मुंबईची खास भानगड. गोवंडीतल्या म्हातारीचा दवाखाना महापालिकेच्या एम पूर्व विभागात, श्रावणबाळचा कागद कुर्ला तहसीलकडे, रेशन शिधावाटप कार्यालयात, आणि मुलगा सांभाळत नसेल तर आईवडिलांच्या पालनपोषणाच्या 2007 च्या कायद्याखाली दाद प्रांतांकडे. प्रत्येकाची हद्द वेगळी, यादी वेगळी. एकटं कोण राहतं हे यातल्या एकाही यादीत दिसत नाही. 2011 नंतर जनगणना झालेली नाही, त्या वेळी पासष्टीचे असलेले आज ऐंशीच्या घरात आहेत.

आता काकूंसाठी. नकार तोंडी घेऊ नका, लेखी मागा. नाव दारिद्र्यरेषेखालच्या यादीत आहे का ते आधी बघा. असेल तर केंद्राच्या निवृत्तिवेतनाचा मार्ग खुला होतो. उत्पन्नाच्या दाखल्यात वेगळ्या राहणाऱ्या मुलाची कमाई धरली असेल तर हरकत घ्या. दाखलाच अडवून ठेवला असेल तर 2015 च्या लोकसेवा हक्क कायद्याखाली अपील करता येतं. दोन अपिलं खात्यातच, त्यानंतर आयोग. आणि वयोश्रीचा अर्ज आजच भरा, चष्मा, काठी किंवा श्रवणयंत्राला तीन हजार मिळतात. तो जिल्ह्याच्या समाजकल्याण सहायक आयुक्तांच्या कार्यालयात जातो, तहसीलला नाही. आधार आणि बँक पासबुकाची झेरॉक्स सोबत न्या.