मराठी शाळेतल्या मुलांसाठी उन्हाळी विज्ञान शिबिर घ्यायचंय. रोबोट किट घ्यावेत का, आणि शिबिर इंग्रजीत ठेवावं का?

बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यातली नववीची ३० मुलं, दहा दिवस, देणगीचे ४० हजार रुपये, असं तुम्ही लिहिलंय. दोन्ही प्रश्नांना माझं उत्तर नाही.

त्या पैशात सहा किट येतील, म्हणजे एका किटला पाच मुलं. दोघं जोडणार, तिघं बघणार, आणि बघणाऱ्यांत मुलीच जास्त असणार. शिवाय किटमधली मोटर सीलबंद येते. ती का फिरते हे मुलाला शेवटपर्यंत दिसत नाही. त्यापेक्षा प्रत्येकाला स्वतःची मोटर करायला द्या.

शेतीपंपाच्या मोटरी भरून देणाऱ्या दुकानातून २४ गेज जाडीची वाइंडिंग वायर पाव किलो घ्या. टॉर्चच्या मोठ्या सेलवर १० ते १२ वेढे घालून कॉइल करायची, दोन्ही टोकं समोरासमोर एका रेषेत बाहेर काढायची. एका कॉइलला सव्वा मीटरभर वायर लागते, वजन अडीच-तीन ग्रॅम. म्हणजे ३० मुलांना शंभर ग्रॅम पुरते, बाकीची वाया जाण्यासाठी धरा. जाईलच. सेलच्या दोन्ही टोकांना एकेक सेफ्टी पिन रबराने घट्ट बांधायची, पिनांच्या भोकांत कॉइलची टोकं टेकवायची आणि कॉइलच्या खाली जुन्या स्पीकरचं चुंबक ठेवायचं.

बिघडतं ते वायरवरच्या वार्निशपाशी. एक टोक पॉलिश पेपरने सगळीकडून घासायचं. दुसरं टोक घासताना कॉइल उभी धरायची आणि वायरची फक्त वरची बाजू घासायची, खालच्या बाजूचं वार्निश तसंच ठेवायचं. एका शिबिरात जांबोटीकडच्या मुलीने दोन्ही टोकं गोल गोल घासून लख्ख केली होती. सगळ्या वर्गात तिचं काम नीटनेटकं, आणि तिचीच मोटर चालेना. ती म्हणाली, "सर, हे थरथरायलंय, पण फिरंना ओ."

त्या दिवशी मदतीला आलेले एक इंजिनिअर होते. मुलांना सवय व्हावी म्हणून शिबिर पूर्ण इंग्रजीत हवं, हा त्यांचा आग्रह. त्यांनी तिला तेच वाक्य इंग्रजीत विचारायला सांगितलं. ती खाली बसली. पुढचा तासभर कुणीच काही विचारलं नाही. दोष मात्र तिच्या त्या वाक्यातच सापडला होता: कॉइल अर्धी फिरली की चुंबकाचा धक्का उलटा बसतो आणि ती परत येते, म्हणून थरथर. अर्ध्या बाजूला वार्निश असलं की त्या अर्ध्या फेरीत प्रवाह तुटतो आणि कॉइल आपल्या वेगाने पुढे निघून जाते. दुसऱ्या दिवशी तिला मराठीत बोलू दिल्यावर हे तिने स्वतःच शोधलं, नवी कॉइल केली आणि शेजारच्या चौघांच्या दुरुस्त करून दिल्या. मग फळ्यावर लिहिलं: थरथर म्हणजे ऑसिलेशन, वेढा म्हणजे टर्न, वार्निश म्हणजे इन्सुलेशन. ते शब्द तिला पाठ करावे लागले नाहीत.

इंग्रजी नको असं मी म्हणत नाही. दहावीपर्यंत मराठीतून शिकलेलं मूल पीयूसी (अकरावी-बारावी) सायन्सला गेलं की जूनमध्ये एकाच दिवसात सगळं इंग्रजी होतं, आणि विज्ञान येत असूनही हुशार मुलं तिथे गप्प होतात. शिबिराचं खरं काम त्या जूनची तयारी. पण क्रम असा: वस्तू हातात, बोलणं मराठीत, आणि ज्या दिवशी वस्तू हाताळली त्याच दिवशी तिचा इंग्रजी शब्द भिंतीवर. दिवसाला आठ शब्द पुरे. शेवटचे दोन दिवस पहिल्या पीयूसीच्या फिजिक्सच्या पुस्तकातलं एकेक पान मुलांकडूनच वाचून घ्या. हा वाद माझ्या मते तिथेच मिटला.

सेल लवकर बसतात. कॉइलचा रोध एक दशांश ओहमसुद्धा भरत नाही, त्यामुळे मोटर अडकून राहिली तर सेल जवळजवळ शॉर्टच होतो आणि हाताला तापलेला लागतो. न फिरणारी कॉइल लगेच काढायची, हा नियम पहिल्याच तासाला सांगा. सेल मुलांच्या दीडपट आणा.

एक दिवस बेळगावच्या उद्यमबागेतल्या एखाद्या फाउंड्रीत, म्हणजे धातूच्या ओतकामाच्या कारखान्यात, न्या, धातू ओतायचा असेल त्या दिवशी. साच्याची वाळू जास्त ओली राहिली तर पाण्याची वाफ होते, वाफेला पाण्याच्या दीड हजारपटीहून जास्त जागा लागते, आणि कास्टिंगमध्ये, म्हणजे ओतलेल्या भागात, पोकळ्या राहतात. टाकून दिलेलं असं एखादं कास्टिंग मागून आणा. सगळ्यांच्या पायात बूट हवेत. निम्मी मुलं चपला घालून येतात, म्हणून आदल्या आठवड्यात घरोघर विचारून बुटांची सोय करा.

शिबिर एप्रिलच्या उत्तरार्धात घ्या. मेमध्ये लग्नं, आणि महिना संपता संपता भाताची धूळवाफ पेरणी, म्हणजे पावसाआधी कोरड्या मातीतली. मुलं येत नाहीत. वेळ सकाळी आठ ते साडेबारा, कारण दुपारी वळीव आला की वीज जाते. कर्नाटकच्या शक्ती योजनेमुळे २०२३ पासून मुलींना सरकारी बस फुकट आहे, तरी शेवटच्या स्टॉपपासून गाव दोन-तीन किलोमीटर आत असेल तर आई-वडील पाठवत नाहीत. तिथे टमटम ठरवा. ४० हजारांतला मोठा वाटा नाश्ता आणि गाडीभाड्यालाच ठेवा.

कुठल्या शाळेत अटल टिंकरिंग लॅब (सरकारी योजनेतली प्रयोगशाळा) असेल तर तिथले किट जरूर वापरा, माझा विरोध विकत घेण्याला आहे. पुढच्या तुकडीसाठी इस्रोचं युविका हे विज्ञान शिबिर लक्षात ठेवा: ते नववीच्या मुलांसाठी असतं, अर्ज साधारण फेब्रुवारी-मार्चमध्ये निघतात, ग्रामीण शाळेचे गुण वेगळे मिळतात. आणि कन्नड विसरू नका. फाउंड्रीतले कामगार बऱ्याचदा कन्नडच बोलतील, भिंतीवर तिसरा रकाना तिचा ठेवा. वायर आणायला जाल तेव्हा दोन मुलींना बरोबर न्या आणि गेज त्यांनाच मागू द्या.