गोवरची लस घेतलेलीच मुलं जास्त आजारी पडली, मग लसीचा उपयोग काय?

तुम्ही लिहिलंय की विडी घरकुल या विडी कामगारांच्या वसाहतीत, तुमच्या वस्तीत गोवरची साथ आली आणि आजारी पडलेल्या बहुतेक मुलांच्या कार्डावर लसीची नोंद आहे. मग एका डोसाने '८५ टक्के संरक्षण' मिळतं, असं कशावरून म्हणायचं? मी सोलापुरात पूर्व भागात लसीकरणाचं काम करते. हा प्रश्न आया मला नेहमी विचारतात आणि तो रास्त आहे.

आजारी मुलं मोजलीत, तशी न पडलेलीही मोजा. समजा वस्तीत २०० मुलं आहेत. १९० जणांना नवव्या महिन्यातला एकच डोस मिळालाय, १० जणांना काहीच नाही. गोवर इतका झपाट्याने पसरतो की लस नसलेलं मूल रोग्याच्या सहवासात आलं, तर दहापैकी नऊ वेळा त्याला तो होतोच. म्हणजे त्या १० पैकी ९ आजारी. लसच नसती तर उरलेल्या १९० पैकी १७१ जण पडले असते. लसीमुळे साधारण २६ पडतात. एकूण ३५ रोगी, त्यात २६ लसवाले! पण १७१ च्या जागी २६, ही जी घट आहे तेच ते ८५ टक्के. संरक्षण असंच मोजतात, लस घेतलेल्या आणि न घेतलेल्या दोन्ही गटांतलं आजारपणाचं प्रमाण शेजारी ठेवून. कोरोनाच्या फायझर लसीच्या चाचणीतही जवळपास सारख्या संख्येच्या दोन गटांपैकी लस न मिळालेल्यांत १६२ आणि मिळालेल्यांत ८ रोगी निघाले, त्यावरून ९५ टक्के हा आकडा आला.

यावरून प्रत्येक मूल ८५ टक्के सुरक्षित असतं असं समजू नका. गोवरच्या लसीत जिवंत पण दुबळा केलेला विषाणू असतो. शरीर त्याच्याशी लढून प्रतिपिंडं (विषाणूला अडवणारी रक्तातली प्रथिनं) आणि तो विषाणू लक्षात ठेवणाऱ्या स्मृतिपेशी तयार करतं, आणि ज्याच्या शरीराला हे जमलं ते मूल बहुधा आयुष्यभरासाठी सुटलं. ज्याला नाही जमलं ते जवळजवळ उघडंच राहतं. नवव्या महिन्यात असं होण्याचं एक मोठं कारण म्हणजे आईकडून आलेली प्रतिपिंडं: बाळाच्या रक्तात ती शिल्लक असली तर लसीतला विषाणू रुजण्याआधीच मारतात.

म्हणून १६ ते २४ महिन्यांतला दुसरा डोस. त्याला 'बूस्टर' म्हणणं मला पटत नाही, कारण पहिल्या वेळी हुकलेल्या मुलांना ती दुसरी संधी असते. दोन डोसांनंतर संरक्षण ९७ टक्क्यांच्या आसपास जातं. नेमका हाच डोस बुडतो. बाळ चालायला लागलेलं असतं, आईला विड्यांचा हिशेब पुरा करायचा असतो, ऊसतोडीला आलेलं कुटुंब तर पुढच्या फडावर गेलेलं असतं.

शिवाय आपलं ऊन. ही लस पावडरच्या रूपात येते, पाणी घालून कालवली की चार तासांत संपवावी लागते, उरली तर फेकायची. कुप्या थंड ठेवण्याची साखळी कुठे तुटली तर कार्डावर नोंद राहते, संरक्षण राहत नाही. सिस्टरला कुपी कधी फोडली ते बिनधास्त विचारा, राग येणार नाही.

तुमच्या वस्तीत आत्ता करायचं ते एवढंच: ज्यांच्या कार्डावर दुसऱ्या डोसाची जागा कोरी आहे त्यांना या आठवड्यातच केंद्रावर न्या. आणि आजारी मुलांना 'देवी आली' म्हणून घरात ठेवू नका. दवाखान्यात अ जीवनसत्त्वाचे दोन डोस लागोपाठ दोन दिवस मिळतात, डोळे आणि जीव दोन्ही वाचतात.