घटस्फोटाचा निकाल हातात आला, आता कागदोपत्री काय काय करायचं?

ताई, तुम्ही लिहिलंय की पुण्यात शिवाजीनगरच्या फॅमिली कोर्टात परस्पर संमतीने घटस्फोट झाला, मुलगी तुमच्याकडे आहे, वाकडचा फ्लॅट दोघांच्या नावावर असला तरी कन्सेंट टर्म्सप्रमाणे, म्हणजे दोघांनी कोर्टात मान्य केलेल्या अटींप्रमाणे, तुमच्याकडे यायचाय, कर्ज अजून चालू आहे आणि वकील म्हणतात, "झालं सगळं." त्यांचं झालं. तुमचं आता सुरू होतं. मीही काही वर्षांपूर्वी त्याच कोर्टातून बाहेर पडले आणि पुढची कागदपत्रं स्वतः फिरून केली, म्हणून लिहिते. तुमचं लग्न हिंदू विवाह कायद्याखालचं आहे असं धरलंय.

कोर्टाचा निकाल कुठल्याही ऑफिसात आपोआप पोचत नाही. बँक, विमा कंपनी, सोसायटी, पासपोर्ट ऑफिस, सगळ्यांच्या लेखी तुम्ही अजून विवाहितच आहात. प्रत्येकाला आपण जाऊन सांगायचं आणि दर वेळी कागद दाखवायचा.

तो कागद म्हणजे डिक्रीची, म्हणजे कोर्टाच्या घटस्फोटाच्या हुकमाची, सर्टिफाइड कॉपी. हिंदू विवाह कायद्याच्या कलम 23(4) प्रमाणे एक प्रत दोघांनाही मोफत मिळते. त्यावर समाधान मानू नका, नक्कल विभागात अर्ज करून आणखी चार-पाच काढून ठेवा. नकला हातात आल्या की तिथेच उभ्या राहून वाचा. नावांची स्पेलिंगं आधारशी जुळतात का, लग्नाची तारीख बरोबर आहे का, कन्सेंट टर्म्स सोबत जोडल्यात का, सही-शिक्का प्रत्येक ठिकाणी आहे का. नक्कल कधी मागितली, कधी तयार झाली, कधी दिली, या तारखाही त्यावर असतात, त्या बघा. एखादं अक्षर चुकलं असेल तर दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम 152 खाली अर्ज करून दुरुस्त होतं. तेही लगेच करा, कारण तीच चूक पुढे प्रत्येक खिडकीवर तुम्हाला परत पाठवणार. आणि कृपा करून लॅमिनेशन करू नका. आपल्याकडे महत्त्वाचा कागद दिसला की हात शिवशिवतात, पण शिक्का चाचपून बघणारे लोक असतात.

कुणी "घटस्फोटाचं सर्टिफिकेट आणा" म्हणालं तर घाबरू नका. तसा वेगळा दाखला नसतो, डिक्री हाच दाखला.

दुसरं काम घरबसल्या होतं. तुमचा मोबाइल नंबर कुणाच्या नावावर आहे? बऱ्याच घरांत फॅमिली प्लॅन नवऱ्याच्या नावाने असतो. तो त्याने बंद केला की ओटीपी येणं बंद, आणि ओटीपीशिवाय आजकाल पान हलत नाही. नंबर स्वतःच्या नावावर करून घ्या. मग बँक, आधार, पॅन, पीएफ, मुलीच्या शाळेचं ॲप, सगळीकडे कुठला नंबर आणि कुठला ईमेल दिलाय ते तपासा. जॉइंट खातं बंद करा किंवा निदान त्यावरचे आपोआप जाणारे हप्ते हलवा. त्याच्या क्रेडिट कार्डावरचं तुमचं ॲड-ऑन कार्ड परत करा. लॉकर दोघांच्या नावावर असेल तर दागिने काढून तो सोडून द्या.

आता नाव. माहेरचं नाव परत लावलंच पाहिजे असा कायदा नाही. मुलीच्या शाळेसाठी, नोकरीतल्या ओळखीसाठी अनेकजणी आडनाव तसंच ठेवतात. पण आपल्या पद्धतीत नवऱ्याचं नाव मधे बसलेलं असतं, तिथे खरा पेच येतो. मी वडिलांचं नाव आणि माहेरचं आडनाव घेतलं. माझ्या एका मैत्रिणीने मधे आईचं नाव लावलं. काहीही करा, पण अर्धवट करू नका. आधारवर नाव आयुष्यात दोनदाच बदलता येतं, आणि लग्नानंतर एकदा बदललं असेल तर ही तुमची शेवटची सरळ संधी आहे. म्हणून मधलं नाव, आडनाव, इंग्रजी स्पेलिंग, सगळं कागदावर लिहून नक्की करा. राज्य सरकारच्या राजपत्रात नावबदल प्रसिद्ध करून घ्या, अर्ज ऑनलाइन होतो. ते गॅझेट हातात आलं की पुढे फारसे प्रश्न विचारत नाहीत. मग आधार, पाठोपाठ पॅन, मग बँका आणि पीएफ. पॅन आणि आधारवरची नावं जुळली नाहीत की सगळं अडतं, त्यामुळे क्रम मोडू नका. पासपोर्टमध्ये पतीचं नाव असेल तर तो नव्याने काढावा लागतो. मुंढव्याच्या केंद्रात जाताना डिक्रीची सर्टिफाइड कॉपी न्या, झेरॉक्सवर भागत नाही.

फ्लॅटचं काम सगळ्यात किचकट, म्हणून जरा सविस्तर सांगते. कन्सेंट टर्म्समध्ये "फ्लॅट पत्नीला" एवढं लिहिलं म्हणून बँक ऐकत नाही, कारण बँक तुमच्या खटल्यात पक्षकार नव्हती. कर्जावर दोघांची सही आहे तोवर हप्ता चुकला की सिबिल, म्हणजे कर्जफेडीचा स्कोअर, दोघांचाही पडणार. आधी बँकेत जाऊन त्याचं नाव कर्जातून कमी करण्याचा लेखी अर्ज द्या. ते तुमच्या एकटीच्या पगारावर कर्ज बसतं का ते बघतील. बसत नसेल तर आईवडील किंवा भाऊ सहकर्जदार म्हणून चालतील का विचारा, किंवा उरलेलं कर्ज दुसऱ्या बँकेत हलवा (बॅलन्स ट्रान्सफर). एका बँकेतल्या साहेबांनी मला "मिस्टरांना घेऊन या" असं तीनतीनदा सांगितलं होतं, डिक्री समोर असताना. अशा वेळी वाद घालू नका. अर्जाची पोच घ्या आणि तोच अर्ज तक्रार विभागाला ईमेल करा.

बँकेचं ना-हरकत पत्र मिळालं की त्याने त्याचा हिस्सा सोडल्याचा दस्त दुय्यम निबंधकाकडे नोंदवायचा. मुद्रांक शुल्काचं मात्र एजंटच्या तोंडी हिशोबावर सोडू नका. पती-पत्नींमधल्या दानपत्राला मिळते तशी सवलत नात्यावर असते, आणि निकालानंतर कायद्याच्या लेखी ते नातं उरत नाही. दस्ताचा मसुदा कन्सेंट टर्म्सचा स्पष्ट उल्लेख करून वकिलाकडूनच करून घ्या, इथे फी वाचवण्यात अर्थ नाही. दस्त झाला की इंडेक्स-2, म्हणजे दस्त नोंदल्याचा उतारा, घेऊन सोसायटीत जा. शेअर सर्टिफिकेटच्या मागच्या बाजूला हस्तांतराचा तक्ता असतो, त्यात तुमच्या एकटीच्या नावाची नोंद आणि पदाधिकाऱ्यांच्या सह्या झाल्या की फ्लॅट खऱ्या अर्थाने मार्गी लागला. महापालिकेचा मिळकतकर आणि महावितरणचं बिल त्यानंतर. समोरचा माणूस आज बोलतोय, सह्या करायला तयार आहे, तर हे काम सगळ्यात आधी उरका. दोन वर्षांनी तो बंगळूरला किंवा परदेशात असेल तर एका सहीसाठी कुलमुखत्यारपत्र मागवत बसाल.

नॉमिनी म्हणून लावलेली नावंही घटस्फोटाने आपोआप जात नाहीत. पीएफ, एलआयसी, म्युच्युअल फंड, डीमॅट, बँकेच्या ठेवी, सगळीकडे नॉमिनी बदला. मुलीला लावलंत तर ती अठरा वर्षांखालची असल्यामुळे तिच्या वतीने पैसे घेणाऱ्याचं नावही द्यावं लागतं. तिथे आई किंवा बहीण टाका. त्याच्या नावाने मृत्युपत्र केलं असेल तर नवं करा, जुनं घटस्फोटाने रद्द होत नाही. त्याच्या कंपनीच्या मेडिक्लेममध्ये तुम्ही असाल तर ते कवच आता गेलं. त्याच विमा कंपनीची वैयक्तिक पॉलिसी घेता येते का ते लगेच विचारा. तसं झालं तर जुन्या आजारांसाठीचा प्रतीक्षा काळ, जो नव्या पॉलिसीत 3 वर्षांपर्यंत असू शकतो, आधीच्या वर्षांइतका कमी होतो.

शाळेत ताब्याच्या आदेशाची प्रत मुख्याध्यापकांकडे द्या आणि मुलीला कोण घेऊन जाऊ शकतं ते लेखी द्या. व्हॅनवाल्या काकांनाही सांगा, शाळा बऱ्याचदा त्यांना सांगायचं विसरते. कारणं सांगत बसू नका, यादी पुरे.

रेशनकार्डातून नाव कमी करून घ्यायचं, मतदार यादीत पत्ता बदलायचा तर फॉर्म 8, गॅसचं कनेक्शन, ही कामं फुरसतीने होतात.

पोटगी एकरकमी मिळाली असेल तर ती सहसा उत्पन्न धरत नाहीत, दरमहाची मात्र रिटर्नमध्ये दाखवावी लागते, सीएला विचारून घ्या. मुलीचा खर्च दरमहा ठरला असेल तर तो बँकेतूनच घ्या, रोख किंवा "यातून वळते करून घे" असला हिशोब नको. थकला तर त्याच कोर्टात दरखास्त, म्हणजे आदेशाच्या अंमलबजावणीचा अर्ज, दाखल करता येते, आणि तेव्हा पासबुकातल्या नोंदीच उपयोगी पडतात.