झेब्राफिशमध्ये हॉक्स जनुकांचे सातच समूह का?

प्रश्न : माणसात हॉक्स जनुकांचे चार समूह आहेत आणि झेब्राफिशसारख्या छोट्याशा माशात सात, असे वाचनात आले. प्रगत प्राण्यात जनुके अधिक असायला हवीत ना? शिवाय चाराची दुप्पट आठ होते, मग सात हा आकडा कोठून आला?

उत्तर : आपल्या प्रश्नाचा शेवटचा भाग फार चांगला आहे, कारण माशांच्या उत्क्रांतीतील एक महत्त्वाची घटना त्या एका उणे समूहात दडलेली आहे. भ्रूणाच्या शरीराचा कोणता भाग पुढे काय होणार, हे ठरवण्याचे काम हॉक्स जनुके करतात. ती गुणसूत्रावर एकामागून एक अशी बसलेली असतात आणि त्यांचा तेथील क्रम व शरीरात डोक्याकडून शेपटीकडे ती कार्यरत होण्याचा क्रम एकच असतो. हा मेळ जनुकशास्त्रज्ञ एडवर्ड लुईस यांनी १९७८ साली फळमाशीच्या अभ्यासातून मांडला. पाठीचा कणा नसलेल्या, पण आपल्या दूरच्या नात्यातील अँफिऑक्सस या सागरी प्राण्यात असा एकच समूह आहे. पुढे पृष्ठवंशीयांच्या पूर्वजांत संपूर्ण जीनोम (पेशीतील सगळी जनुकीय सामग्री) दोनदा दुप्पट झाला आणि एकाचे चार समूह झाले. माणसात ते ए, बी, सी आणि डी या नावांनी ओळखले जातात, आणि त्यांत मिळून ३९ जनुके आहेत.

आजच्या बहुतेक अस्थिमाशांच्या पूर्वजात सुमारे ३२ ते ३५ कोटी वर्षांपूर्वी जीनोम तिसऱ्यांदा दुप्पट झाला. ‘गार’ (gar) नावाच्या माशाची शाखा त्याआधीच वेगळी झाली होती, म्हणून त्याच्यात आजही चारच समूह सापडतात. दुप्पट झालेल्या शाखेत समूह आठ झाले असणार, हे उघड आहे. तरीही १९९८ साली झेब्राफिशमध्ये सातच आढळले, कारण डी समूहाच्या दुसऱ्या प्रतीतील प्रथिने बनवणारी सगळी हॉक्स जनुके गळून गेली आहेत. मात्र ती जागा अगदी रिकामी नाही. हॉक्स समूहांत नेहमी आढळणारे सूक्ष्म-आरएनएचे (प्रथिन न बनवता इतर जनुकांवर नियंत्रण ठेवणाऱ्या छोट्या रेणूचे) एक जनुक तेथे अजून टिकून आहे आणि त्यावरूनच नाहीशा झालेल्या समूहाचा ठावठिकाणा लागतो. मेदाका आणि फुगू या माशांतही समूह सातच आहेत, पण त्यांच्यात गेलेली प्रत सी समूहाची आहे. म्हणजे आकडा एकच असला तरी तो दोन शाखांमध्ये निरनिराळ्या मार्गांनी आला. युरोपीय ईलने तर आठही समूह राखले आहेत. नुसती मोजदाद करून थांबलो असतो, तर हा इतिहास हाती लागलाच नसता.

प्रगतपणाचा आणि जनुकसंख्येचा संबंध मात्र सोडून द्यावा लागेल. सामन माशांच्या पूर्वजात जीनोम आणखी एकदा दुप्पट झाल्याने अटलांटिक सामनमध्ये तब्बल तेरा समूह आहेत. उलट काही शार्कमध्ये सी समूह जवळजवळ नाहीसा झाला आहे आणि त्यामुळे त्यांचे काही अडलेले नाही.

प्रश्न : एकाच जनुकाच्या दोन प्रती असतील तर एक निरुपयोगी ठरून नष्ट व्हायला हवी. मग काही जोड्या टिकतात कशा?

उत्तर : बहुतेक जोड्यांतील एक प्रत खरोखरच नष्ट होते. जनुकशास्त्रज्ञ सुसुमु ओहनो यांनी १९७० साली असे मांडले होते की, मूळ काम एक प्रत सांभाळत असल्याने दुसरी बदलायला मोकळी राहते आणि तिला नवे काम मिळू शकते. १९९९ साली आणखी एक शक्यता पुढे आली : मूळ जनुकाची कामेच दोन प्रतींत वाटली जातात आणि मग दोघींपैकी एकही गमावणे परवडत नाही. झेब्राफिशच्या बी समूहातील हॉक्स-बी-१ या जनुकाची जोडी हे त्याचे बोलके उदाहरण आहे. एक प्रत भ्रूणात फार लवकर जागी होते आणि नंतर मागे सरते, तर दुसरी पश्चमेंदूच्या चौथ्या खंडात दीर्घकाळ कार्यरत राहते. उंदरात ही दोन्ही कामे सांभाळणारे नियंत्रक भाग (जनुक कधी व कोठे कार्यरत व्हावे हे ठरवणारे डीएनएचे तुकडे) एकाच जनुकाभोवती आहेत. माशात एका प्रतीने एक भाग गमावला, तर दुसरीने दुसरा.

प्रश्न : अख्खा समूहच काढून टाकला तर काय होते?

उत्तर : ते कोणता समूह काढला, यावर अवलंबून आहे. झेब्राफिशमधून बी समूहाच्या दोन्ही प्रती काढल्या तर छातीजवळचे पर उगवतच नाहीत, पण त्यांपैकी एक जरी शाबूत असली तरी ते तयार होतात. उंदरात बी समूहाचा जवळजवळ संपूर्ण भाग काढला तरी पुढचे पाय येतात. याउलट ए आणि डी या समूहांचे काम दोन्हीकडे बरेच सारखे आहे : ते काढले की उंदराचे पाय आणि माशाचे पर, दोन्ही अगदी आखूड राहतात.