मनात येईल ते रोज लिहायची सवय लावायची आहे. किती वेळ लिहावं, वही कशी घ्यावी, आणि लिहिलेलं पुन्हा वाचावं का?

तुमच्या शेवटच्या प्रश्नासाठी लिहायला बसले आहे. पुन्हा वाचू नका. जमलं तर लिहिलेलं फाडून टाका. यावरून माझं आणि माझ्या थोरल्या बहिणीचं बरंच वाजलेलं आहे, त्यामुळे जरा सविस्तर सांगते.

आई अर्धांगवायूने अंथरुणाला खिळली तेव्हा तिचं सगळं माझ्याकडे होतं. कूस बदलणं, डायपर, नळीतून भरवणं, रात्री-अपरात्री उठून बघणं. ताई लांब राहते. ती फोन करायची आणि औषधांच्या वेळा विचारायची. कुणी ‘आई कशी आहे?’ म्हटलं की मी ‘बरी आहे’ म्हणायचे आणि विषय संपायचा. एका रात्री आई झोपल्यावर तिच्या रक्ततपासणीचा जुना पाठकोरा रिपोर्ट हाताशी होता, त्यावर लिहायला लागले. ‘मला झोप हवी आहे.’ खाली पुन्हा तेच. आणखी खाली पुन्हा तेच. मग अक्षर बिघडलं, वेलांट्या सुटायला लागल्या, आणि जे उतरलं ते मी कुणासमोर तोंडातून काढू शकले नसते. हे सगळं एकदाचं संपावं, असं लिहिलं. संपणं म्हणजे काय, तेही लिहिलं. कागद भरल्यावर त्याचे बारीक तुकडे केले, डायपरच्या पिशवीत टाकले आणि गाठ मारली. सकाळी आईचं तोंड पुसताना माझ्या हातात आदल्या दिवशीचा हिसका नव्हता.

तेव्हापासून जमेल तेव्हा लिहीत गेले. सुरुवातीचे कागद नुसते ताईवरच्या रागाचे. ती येत नाही, तिला काय पडलंय, तिचं बरं आहे. असंच लिहिता लिहिता एकदा हातून उतरलं की तिला आईला या अवस्थेत बघवत नाही, म्हणून ती औषधांच्या वेळा धरून बसते. तोवर हा विचार माझ्या मनाला शिवलाही नव्हता. राग गेला असं नाही, पण दुसऱ्या दिवशी तिचा फोन मी तिसऱ्या रिंगला उचलला. एरवी वाजू द्यायचे.

पुढे ताई राहायला आली आणि तिने मला कागद फाडताना बघितलं. ‘फाडायचंच तर लिहायचं कशाला? चांगली वही घे, रोज तीन चांगल्या गोष्टी लिही, पुढे वाचायला होतील.’ मी म्हटलं, वही ठेवली की मी तुला वाचता येईल असंच लिहीन. ‘म्हणजे माझ्याबद्दलच लिहितेस!’ तिथून जे भांडण सुरू झालं ते अजून अधूनमधून डोकं वर काढतं.

तर ताईसाठी आणि तुमच्यासाठी. जपानमध्ये नागोया विद्यापीठातल्या संशोधकांनी २०२४ साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. लोकांना मुद्दाम अपमानास्पद शेरे देऊन चिडवलं, मग मनातलं कागदावर लिहायला लावलं. काहींनी तो कागद कचऱ्यात टाकला किंवा श्रेडरमध्ये घातला, काहींनी जपून ठेवला. टाकणाऱ्यांचा राग जवळजवळ पहिल्या पातळीवर उतरला. ठेवणाऱ्यांचा तितका उतरला नाही. त्याआधी २०१३ साली स्पेनमध्ये शाळकरी मुलांना स्वतःच्या शरीराबद्दलचे विचार लिहायला सांगून असंच काही केलं होतं. कागद फेकून दिला की त्या विचारांचा मुलांच्या मतावरचा पगडा सुटत होता. मी पिशवीला गाठ मारत होते ती उगीच नाही.

किती वेळ, हे विचारलंत. या विषयातलं मूळ काम जेम्स पेनेबेकर आणि सँड्रा बील या अमेरिकेतल्या मानसशास्त्राच्या संशोधकांचं, १९८६ सालचं. विद्यार्थ्यांनी सलग ४ दिवस, रोज १५ मिनिटं लिहिलं. व्याकरण, शुद्धलेखन काही बघायचं नाही, हात थांबवायचा नाही. ज्यांनी काय घडलं आणि काय वाटलं हे दोन्ही लिहिलं, ते पुढच्या सहा महिन्यांत डॉक्टरकडे कमी वेळा गेले. लिहून उठल्या उठल्या मात्र त्यांना जास्तच वाईट वाटत होतं. हे आधी माहीत असू द्या, नाहीतर पहिल्याच दिवशी वही मिटाल. रोज लिहिलंच पाहिजे असंही काही नाही. साचलं की लिहा. सवयीच्या नावाखाली तारीख घालून पानं भरणं मला पटत नाही. त्यात वही भरते, मन तसंच राहतं. वही कुठलीही चालेल. महागडी नको, फाडताना जीव अडकतो.

आता दोन गोष्टी, ज्या खरं तर आधी सांगायला हव्या होत्या. नुकताच मोठा आघात झाला असेल तर लगेच खणायला बसू नका, थोडे दिवस जाऊ द्या. आणि लिहून लिहून तुम्ही त्याच त्या वाक्यावर गरगरत असाल, किंवा जीव नकोसा झाल्याचं उतरत असेल, तर कागद बाजूला ठेवून मानसोपचारतज्ज्ञाकडे जा. नुकतंच लग्न मोडून जोडीदारापासून वेगळं झालेल्या लोकांवरच्या एका अभ्यासात, जे आधीच खूप घोळत बसणारे होते त्यांना असं लिहिण्याने उलट त्रासच झाला होता. शिवाय सगळे अभ्यास एकत्र केले तर सरासरी फायदा छोटाच दिसतो. मला मोठा झाला, म्हणून तुम्हालाही होईल अशी हमी देत नाही.

आणि ताईच्या बाजूचंही एक आहे. त्या स्पेनच्या प्रयोगात चांगले विचार फेकले तर त्यांचाही जोर जात होता. म्हणजे तिच्या तीन चांगल्या गोष्टी ठेवायच्याच आहेत. त्यांची वेगळी वही करा, हवी तर तिला वाचायला द्या. दुसऱ्या कागदांसाठी कुणीही ‘बघू काय लिहिलंस’ म्हणून हात पुढे केला, तर देऊ नका, माणूस कितीही जवळचं असो. ताई, तू हे वाचत असशील तर सांगते, त्या तुकड्यांत तुझ्याबद्दल चांगलंही होतं. ते मी तुला फोनवर सांगेन.