परचेस मॅनेजर नोकरी बदलत आहेत, निरोपाची भेट काय द्यावी?

आपण लिहिल्याप्रमाणे भोसरीत आपले मशीनिंगचे छोटे युनिट आहे. वाहनांचे सुटे भाग बनवणाऱ्या ज्या कंपनीचे काम आपल्याकडे नियमित येते, तिथले परचेस मॅनेजर महिनाअखेरीस नोकरी सोडून कुटुंबासह चेन्नईला जात आहेत, आणि त्यांना दहा हजारांपर्यंतचे घड्याळ द्यावे की चांदीचे नाणे, असा आपला प्रश्न आहे. माझ्या मते ही दोन्ही नावे यादीतून काढावीत.

ज्यांच्या सहीने आपल्याला पीओ (खरेदीच्या लेखी ऑर्डरी) मिळत होत्या त्यांना आपण भेट देणार आहात, हे आधी ध्यानात घ्यावे. परचेस खात्याकडे कंपनीत नेहमीच थोडे बारकाईने पाहिले जाते आणि माणूस नोटीस पिरियडवर असताना तर अधिकच, कारण याच काळात त्याने मंजूर केलेले दर आणि शिल्लक ऑर्डरी तपासल्या जातात, त्याचा फुल अँड फायनल हिशेब व्हायचा असतो आणि रिलीव्हिंग लेटर हातात पडायचे असते. अशा वेळी वेंडरकडून आलेले महागडे घड्याळ त्यांच्या टेबलावर दिसले, तर आपल्या मनात काहीही असो, उत्तरे त्यांना द्यावी लागतील. वेंडर रजिस्ट्रेशनच्या वेळी आपण सही करून दिलेल्या कागदांत बहुधा पुरवठादारांसाठीची आचारसंहिता असेल. ती काढून भेटवस्तूंचे कलम वाचावे. काही कंपन्या ठराविक रकमेपर्यंतची वस्तू चालवून घेतात, काहींना मिठाईचा डबाही चालत नाही. चांदीचे नाणे आणि गिफ्ट कार्ड यांना तर बऱ्याच ठिकाणी रोख रकमेसारखेच मानले जाते. कंपनी सरकारी किंवा सार्वजनिक उपक्रमातील असती, तर मी केवळ पत्र द्या असे सांगितले असते, कारण भ्रष्टाचार प्रतिबंधक कायद्यात 2018 साली झालेल्या दुरुस्तीनंतर लाच देणाराही थेट गुन्हेगार ठरतो आणि तिथे कोणत्याही वस्तूवर उगाच बोट ठेवले जाऊ शकते.

कलमाची अडचण नसेल, तर रक्कम दोन-अडीच हजारांच्या आत ठेवावी आणि भेट शेवटच्या दिवसानंतर द्यावी. ती ऑफिसात नेऊ नये; सामानाची बांधाबांध सुरू असेल तेव्हा फोन करून पाच मिनिटे घरी जाऊन यावे. खर्च स्वतःच्या खिशातून केलात तर उत्तम. फर्मच्या खात्यात टाकणार असाल तर भेट म्हणून दिलेल्या वस्तूवरील जीएसटीचे इनपुट क्रेडिट (खरेदीवर भरलेल्या कराची वजावट) मिळत नाही, एवढी अकाउंटंटला आठवण करून द्यावी.

आता वस्तूकडे वळू. शाल-श्रीफळ आणि कोरीव अक्षरांचे स्मृतिचिन्ह यांचा विचार करू नये; अशा चिन्हांनी आधीच भरलेले शोकेस त्यांना आता पॅक करायचे आहे. काच, जड धातू आणि मोठी फ्रेम हे सगळे ट्रकमध्ये जाणार असल्यामुळे टाळावे. गणपतीची मूर्ती देण्याचा मोह अनेकांना होतो, पण ती माळ्यावर टाकता येत नाही आणि कोणाला देऊनही टाकता येत नाही, त्यामुळे घेणारा उगाच अडकतो. आपल्या फर्मचे नाव किंवा लोगो कोणत्याही वस्तूवर घालू नये, कारण नव्या कंपनीतील टेबलावर जुन्या वेंडरचे नाव घेऊन बसणे त्यांना अवघड जाईल.

मला विचाराल तर मी सावंतवाडीच्या गंजिफा, म्हणजे हाताने रंगवलेल्या खेळायच्या पत्त्यांच्या, शैलीतील एखादी लहान वस्तू निवडेन. दशावतारी गंजिफाच्या पूर्ण संचात दहा अवतारांचे प्रत्येकी बारा असे 120 गोल पत्ते असतात. मत्स्य, कूर्म, वराह अशा क्रमाने रंगवलेले ते पत्ते हातात घेऊन बघत बसावेत असेच असतात. हाताने रंगवलेला पूर्ण संच आपल्या बेतात बसणार नाही, परंतु त्याच शैलीतील कोस्टर किंवा झाकणावर चित्रकाम केलेली लाकडी डबी बसेल. ती हलकी असते, बॅगेत मावते, आणि चेन्नईत कोणी विचारले तर सांगायला दोन गोष्टीही असतात. ते नाही जमले, तर बांबूच्या काडीने गेरूवर पांढऱ्या रंगात काढलेले छोटे वारली चित्र गुंडाळून द्यावे. फ्रेम त्यांची ते करून घेतील. बाकरवडीचा पुडा जोडीला द्यायला हरकत नाही, फक्त निघण्याच्या आठवड्यात प्रत्येक पुणेकर तोच घेऊन येतो याची तयारी ठेवावी.

सर्वांत अधिक वेळ मात्र पत्रावर घालवावा. टाळेबंदीच्या काळात त्यांनी पाठपुरावा करून आपली अडकलेली बिले मोकळी करून दिली, असे आपण लिहिले आहे. नेमकी हीच गोष्ट पत्रात यावी, पण शब्द जपून वापरावेत. ‘तुम्ही आमच्यासाठी खास प्रयत्न केलेत’ असे लिहिले आणि ते पत्र तिसऱ्याने वाचले, तर त्याला त्यात पक्षपात दिसेल. त्याऐवजी असे लिहावे: ‘जीआरएन (माल मिळाल्याची नोंद) झालेल्या मालाचे पैसे वेळेवर निघावेत, यासाठी आपण अकाउंट्सकडे सतत विचारणा करत राहिलात. त्या दोन पगारांच्या काळात आमच्या कामगारांना त्याचा फार मोठा आधार झाला.’ हे खरेही आहे आणि ते कोणालाही दाखवता येईल. हाताने, एका पानात आणि मराठीत लिहावे. त्यांची हरकत नसेल, तर याच आशयाचे चार ओळींचे ईमेल त्यांच्या वरिष्ठांना शेवटच्या दिवसाआधी पाठवावे आणि लिंक्डइनवर शिफारसही लिहावी. नोकरी बदलणाऱ्या माणसाला घड्याळापेक्षा तिचा उपयोग अधिक होतो.

पत्रात किंवा घरच्या भेटीत ‘तिकडेही आमची आठवण ठेवा’ हे वाक्य उच्चारू नये. चेन्नईजवळच्या कारखान्याला आपले भाग लागत असतील, तर सहा महिन्यांनी, ते तिथे रुळल्यावर, रीतसर कंपनी प्रोफाइल पाठवता येईल. तोवर त्यांच्या जागी येणाऱ्या नव्या मॅनेजरांकडे लक्ष द्यावे. त्यांच्या पहिल्या भेटीला भेटवस्तू नेऊ नये. शिल्लक पीओंची यादी, प्रत्येक भागाच्या ड्रॉइंगचा चालू रिव्हिजन नंबर आणि न सुटलेल्या डेबिट नोटा (बिलातून कापलेल्या रकमांच्या नोंदी) एवढे कागद फाइलमध्ये लावून न्यावेत.