आजोबांची दुनळी: आधी ताबा, मग चोक

प्रश्न: नागपुरात महाल भागात आमचा जुना वाडा आहे. आजोबा मालगुजार. त्यांची बारा बोअरची दुनळी बंदूक पुढे वडिलांच्या परवान्यावर आली. वडील आठ महिन्यांपूर्वी गेले. बंदूक घरीच कपाटात कुलपात आहे. दोन नळ्यांमधल्या पट्टीवर ‘आर. बी. रॉड्डा, कलकत्ता’ असे कोरले आहे. खालच्या सपाट भागावर बरेच ठसे आहेत, त्यांत डाव्या नळीला ‘चोक’ असा इंग्रजी ठसा आहे, उजवीला नाही. मूळ चोक, म्हणजे नळीच्या तोंडाचा आवळ, किती होता, बंदूक कधी आणि कुठे बनली, हे शोधायचे आहे. काका म्हणतात, शंभर वर्षांची वस्तू आहे, अँटिक, परवाना लागतच नाही. ओळखीचा एक कारागीर घरी येऊन माप घ्यायला आणि नळ्या ‘साफ’ करून द्यायला तयार आहे. त्याला बोलावू का?

उत्तर: त्याला बोलावू नका. या आठवड्यात बंदुकीचा ताबा कायदेशीर करून घ्या, बाकीचे सगळे त्यानंतर. आपला शोध चांगला आहे आणि तो पुरा व्हावा असे मला मनापासून वाटते, म्हणूनच आधी हे सांगतो.

काकांचा समज मी अनेक घरांतून ऐकतो आणि तोच माणसाला अडकवतो. शस्त्र अधिनियम, १९५९ च्या कलम ४५ मध्ये जुन्या, पुराणवस्तू म्हणून मोल असलेल्या शस्त्रांना सूट आहे हे खरे. पण त्याच वाक्यात पुढे अट आहे: ते शस्त्र दुरुस्ती करून किंवा न करता, कोणत्याही प्रकारे बंदूक म्हणून वापरता येण्याजोगे नसले पाहिजे. तुमच्या दुनळीचे घोडे पडतात, नळ्या बंद होतात, काडतूस बसते. मग तिचे वय शंभर असो की दीडशे, ती कायद्याच्या नजरेत बंदूकच आहे आणि कलम ३ प्रमाणे तिला परवाना लागतो. वडिलांचा परवाना वडिलांपुरता होता. विनापरवाना ताब्याची शिक्षा २०१९ च्या दुरुस्तीनंतर किमान दोन वर्षे, कमाल पाच वर्षे आणि दंड अशी आहे. कलम ३ च्या गुन्ह्यात खटल्याला जिल्हादंडाधिकाऱ्यांची पूर्वमंजुरी लागते, पण त्या भरवशावर घरात बंदूक ठेवू नये.

कलम २१ सांगते की ताबा कायदेशीर राहिला नाही की शस्त्र विनाविलंब पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करावे. आठ महिने झाले आहेत, उशीर झालाच आहे. तो लपवू नका. साध्या कागदावर लिहा: वडील अमुक तारखेला वारले, परवाना क्रमांक हा, बंदूक कुलपात होती, वापरली नाही, आता जमा करत आहोत. मृत्यूचा दाखला आणि परवान्याचे पुस्तक जोडा. आपणहून आलेल्या वारसाचा अर्ज आणि झडतीत सापडलेली बंदूक, यांत पुढे फार फरक पडतो. पत्र घेऊन आधी बंदुकीशिवाय आपल्या हद्दीच्या ठाण्यात जा आणि बंदूक कशी आणायची ते विचारा. ती पिशवीत घालून स्कूटरवरून सीताबर्डीला नेऊ नका. पोचपावतीत बंदुकीचा नंबर, बोअर आणि नळीची लांबी लिहून घ्या.

परवाना नावावर करायचा तर २०१६ च्या शस्त्र नियमांत २५ वा नियम वारसांसाठीच आहे. शहरात अर्ज पोलीस आयुक्तांकडे जातो, ग्रामीण भागात जिल्हाधिकाऱ्यांकडे. भावंडांचे आणि आईचे ना हरकत शपथपत्र आताच करून ठेवा. बंदुकीवरून नाही, पण वाड्यावरून रुसलेला भाऊ इथे सही अडवतो. आणि तुमच्या नावावर आधीच दोन शस्त्रे असतील तर ही तिसरी वारशानेही मिळणार नाही, मर्यादा दोनचीच आहे. कुणालाच परवाना नको असेल, तर कलम २१ मध्येच वारसाला विक्रीची मुभा आहे, अर्थात परवानाधारकालाच.

आता चोककडे वळू, कारण इथेही कायदा आणि इतिहास हातात हात घालून आहेत.

तो ठसा मोलाचा आहे. नळीच्या तोंडाशी आतला व्यास किंचित आवळलेला असतो, तो चोक. नळ्या तपासून ठसे मारणाऱ्या इंग्रजी तपासणीगृहांनी साधारण १८७५ ते १८८७ या काळात अशा नळ्यांवर ‘नॉट फॉर बॉल’ (गोळीसाठी नाही) असे छापले आणि १८८७ पासून पुढे ‘चोक’. म्हणजे तुमच्या नळ्यांची तपासणी बहुधा या दुसऱ्या काळात झाली आणि त्या दिवशी डावी नळी आवळलेली होती. उजवीला ठसा नाही, म्हणजे ती बहुधा सरळ होती. पहिला बार उजवीचा जवळून, दुसरा डावीचा लांबून, अशी ती रचना. पण ठसा आकडा सांगत नाही. बारा बोअरचे नाममात्र माप ०.७२९ इंच. फुल चोक म्हणजे तोंडाशी त्याहून साधारण चाळीस हजारांश इंच कमी, हाफ म्हणजे वीस. मात्र ०.७२९ मधून तोंडाचे माप वजा करून काही कळत नाही. नळीच्या मागच्या टोकापासून नऊ इंचांवरचे आतले माप घ्यावे लागते, कारण तपासणीगृह तिथेच मोजत असे. नळी आतून घासली गेली असेल तर चोक जास्त भासतो, आणि तोंडाकडून कापली असेल तर नाहीसाच होतो. कापल्याची खूण म्हणून तोंडाशी दोन नळ्यांमध्ये फट दिसते का आणि ती राळेने किंवा शिशाने बुजवली आहे का, एवढे जमा करण्यापूर्वी डोळ्यांनी पाहून ठेवा.

परवान्याच्या जुन्या पुस्तकात नळीची लांबी असेल तर आजच्या लांबीशी पडताळा. तिथे तीस इंच आणि इथे सव्वीस निघाले, तर ते कुणी आणि कधी कापले हा प्रश्न तुम्हाला विचारला जाऊ शकतो. कलम ६ प्रमाणे परवान्याशिवाय नळी आखूड करणे हाच गुन्हा आहे. त्या कारागिराला नको म्हणालो ते यासाठीही. दुरुस्ती आणि चाचणीला कलम ५ चा परवाना लागतो. हिंगण्याला लेथवर काम करणारे उत्तम टर्नर आहेत, त्यांच्याकडेही नेऊ नका. आणि ‘साफ’ करताना नाव, नंबर किंवा ओळखीचा ठसा पुसला गेला तर कलम ८ लागू होते. तेच ठसे तुमच्या आजोबांच्या बंदुकीचा जन्मदाखला आहेत. पॉलिश पेपर त्यांना लागू देऊ नका.

रॉड्डा हे कलकत्त्याचे विक्रेते. ऑगस्ट १९१४ मध्ये क्रांतिकारकांनी पन्नास माउझर पिस्तुले पळवली, ती याच कंपनीच्या मालातून. त्यांच्या नावाच्या दुनळ्या इंग्लंडमध्ये, बऱ्याचदा बर्मिंगहॅमला बनत. म्हणून पट्टीवरचे नाव बनवणाऱ्याचे समजू नका. नळ्यांच्या पोटाशी असलेली आद्याक्षरे पाहा. नळ्यांवरचा आणि घोड्यांच्या पेटीवरचा नंबर एकच आहे का तेही पाहा. जुळला तर नळ्या मूळच्याच असण्याची शक्यता मोठी. आद्याक्षरांवरून कारखाना कळला, तर पर्डी, हॉलंड अँड हॉलंड, वेस्टली रिचर्ड्स अशा जुन्या घराण्यांच्या वह्या अजून आहेत आणि नंबरावरून माहिती मिळू शकते, कधी मूळ चोकसुद्धा. त्यासाठी फोटो पुरतात. बंदूक परदेशी पाठवण्याचा सल्ला कुणी दिला तर ऐकू नका. शंभर वर्षांवरची वस्तू १९७२ च्या पुरावशेष कायद्याच्या कक्षेत येऊ शकते आणि तिची खासगी निर्यात बंद आहे.

मापे विक्रेत्याकडे, बंदूक तिथे जमा असतानाच, लेखी घ्या. छऱ्यांचा फैलाव पाहायला बार टाकण्याचा मोह टाळा. त्या काळच्या अनेक नळ्यांचे चेंबर, म्हणजे काडतूस बसते ती जागा, अडीच इंचांचे असते आणि काहींची तपासणी फक्त बंदुकीच्या जुन्या काळ्या दारूसाठी झालेली असते. आजच्या काडतुसाने अशी नळी फाटू शकते.

पोचपावती, परवान्याचे पुस्तक, ठशांचे जवळून काढलेले फोटो आणि मापांचा कागद अशी एक फाईल झाली की वारसाच्या अर्जासोबत तिची प्रत लावा. अर्ज नाकारला तर लेखी कारणे मागा. कलम १८ खालच्या अपिलाची मुदत आदेशाच्या तारखेपासून तीस दिवसांची आहे, तेव्हा आदेश हाती पडताच मला भेटा.